आखूड काडी

आखूड काडी हौसाच्या हातात आली, तशी पोरं एका सुरात ओरडली, "हौशी जपानी!"

हौसा बर्गे माझ्या तिसरीच्या वर्गात होती. तिने काडी फेकली, परकराचा काचा मारला आणि शाळेमागच्या बाभळींकडे धूम ठोकली. मागून बारा मराठे. मधल्या सुट्टीनंतर ती परत आली तेव्हा तिचं कोपर सोललेलं होतं आणि पाठीवर ढेकळांचे ठसे उमटले होते. मी मोजले, सात होते.

"गुर्जी, तीन दिस झालं मीच जपानी," ती म्हणाली. "पोरं मुद्दाम माझ्याम्होरं मोडकी काडी धरत्यात."

"मग खेळू नकोस."

"आन् बसून काय करू?"

मी तिच्या कोपराला टिंक्चर लावलं. ती रडली नाही. जपानी रडत नसतो, असा खेळाचा नियम होता म्हणे.

या गोष्टीला साठाहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि शिरंबळच्या शाळेत माझं दुसरं वर्ष चालू होतं. शिरंबळ हे सातारा जिल्ह्यातलं पलटणीचं गाव. महायुद्धात इथून एकसष्ट गडी गेले, बहुतेक बर्माच्या आघाडीवर, जपान्यांशी लढायला. एकोणीस परत आले नाहीत. इतर गावांची पोरं चोर-शिपाई खेळायची, आमची पोरं मराठे-जपानी. काड्या ओढायच्या, आखूड निघेल तो जपानी, आणि बाकीच्यांनी त्याला बडवायचं. मी एकदा खेळावर बंदी घातली. मग ती पोरं ओढ्यात जाऊन खेळू लागली आणि तिथे ढेकळांऐवजी दगड होते. मी बंदी उठवली.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. भारतातल्या शाळांनी मुलांची चित्रं पाठवली, तर जपानमधल्या शाळा आपली चित्रं पाठवतील. जपानी म्हणजे आपल्यासारखीच पोरं हे दिसलं तर खेळ सुटेल, असं वाटून मी पोरांकडून वीस चित्रं काढून घेतली. अठरा चित्रांत बैल होते, एकात मारुती, आणि हौसाच्या चित्रात बाभळीवर चढून बसलेली एक मुलगी. टपालात टाकली आणि विसरून गेलो.

चार महिन्यांनी मुंबईच्या जपानी वकिलातीतून पत्र आलं. चित्रं पोचली होती, तिकडच्या मुलांची चित्रं आली होती, आणि ओकुदा नावाचे एक अधिकारी ती द्यायला स्वतः येऊ इच्छीत होते. पत्र इंग्रजीत होतं आणि त्याचा शेवट असा होता: "मी १९४४ साली शिपाई म्हणून बर्मात होतो. तुमच्या भागातले सैनिक आमच्या समोर होते असं कळलं. गावकऱ्यांची हरकत नसेल, तरच मी येईन."

पत्र घेऊन मी शाळा कमिटीपुढे गेलो. कमिटी म्हणजे सुभेदार हैबतराव बर्गे. इतर चार सभासद होते, पण ते सुभेदारांकडे बघून मान हलवायचे. हौसा त्यांची धाकटी लेक. त्यांचा धाकटा भाऊ गणपत बर्माच्याच आघाडीवर, इंफाळजवळच्या एका टेकडीवर पडला, तेव्हा सुभेदार त्याच टेकडीवर होते. याहून जास्त त्याबद्दल गावात कुणी बोलत नसे.

मी पत्राचा मराठीत अर्थ सांगत गेलो. शेवटाला आलो. सुभेदार मिशीवरून हात फिरवत होते.

"ह्यो गडी लढाईत हुता का?" त्यांनी विचारलं.

मी पत्राची घडी घातली. "कचेरीतला माणूस आहे, तात्या. कागदांवर सह्या करणारा."

"मग यिऊ दे. कागदाशी माझं भांडान न्हाई. पर मास्तर, बंदूक धरलेला जपानी ह्या वेशीच्या आत येनार न्हाई. माझ्या जिवात जीव हाय तवर न्हाई."

"हो, तात्या," मी म्हणालो आणि पत्र खिशात टाकलं. त्या दिवसापासून तो खिसा मला जड वाटू लागला.

पुढचा वाद मेडलांचा. गावाची रीत अशी होती, की सव्वीस जानेवारीला किंवा मोठा पाहुणा आला की सगळे माजी सैनिक शाळेच्या पटांगणात कोट घालून, छातीवर मेडलं लावून उभे राहायचे.

"पाव्हन्याला लागंल की," हवालदार फाळके म्हणाले. पोटाने मोठे आणि मनाने मऊ असे हे गृहस्थ. "त्याच्याच मानसांना हानून मिळवलेली मेडलं त्याच्याच नाकाम्होरं नाचवायची?"

"मग काय सांगायचं, आमी बर्मात म्हशी राखायला गेल्तो?" सुभेदार म्हणाले.

"पर घरी आल्याला पाव्हना..."

"फाळके, तुमी त्येला पुरनपोळी खाऊ घाला. मेडलांचं मी बघतो."

दोन दिवस विचार करून सुभेदारांनी निकाल दिला. मेडलं लावायची, पण कोटाच्या आतून. म्हणजे अपमान कुणाचाच नाही.

त्याहून अवघड होती हजेरी. पाहुण्यासमोर सुभेदार एकसष्ट नावांची हजेरी घ्यायचे. जिवंत असेल तो एक पाऊल पुढे येऊन 'हजर' म्हणायचा. जो परत आला नाही, त्याचंही नाव पुकारलं जायचं, आणि त्याच्या घरचं कुणीतरी पुढे येऊन 'हजर' म्हणायचं. गणपत बर्गेच्या नावाला हौसा उभी राहायची.

"या वेळी हजेरी नको, तात्या," मी सुचवलं.

"हजेरी न्हाई तर पाव्हनाबी न्हाई," ते म्हणाले. विषय संपला.

मी माझ्या परीने पोरांची तयारी करून घेतली. जपानी लोक कमरेत वाकून नमस्कार करतात, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. आठवडाभर रोज सकाळी चाळीस पोरांना वाकवलं. "पाहुणे सरळ झाल्याशिवाय कुणी सरळ व्हायचं नाही," असं बजावलं. "वाकल्या वाकल्या खिदळायचंही नाही." दुसरी सूचना जास्त कठीण होती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जीप आली. वेशीतून आत आलं की पहिली शाळाच. जीपमधून चाळिशीचा, बुटका, चष्मा लावलेला माणूस उतरला. अंगात करडा कोट, डोक्यावर टोपी, हातात कापडात बांधलेलं गाठोडं. गाठोडं टेबलावर ठेवून आणि टोपी काढून तो पोरांसमोर उभा राहिला.

मी खूण केली. चाळीस पोरं कमरेत वाकली. ओकुदाही वाकले.

पोरं थांबली. ओकुदाही थांबले. पोरं वर होईनात, कारण पाहुणे वर झाले नव्हते. पाहुणे वर होईनात, कारण समोरचे वर झाले नव्हते आणि आधी सरळ होणं त्यांच्याकडे बहुधा बरं दिसत नसावं. मी पन्नासपर्यंत आकडे मोजले. पहिलीतलं एक पोर डोक्यावर पडलं. कुठूनतरी खुसखुस सुरू झाली. फाळके हवालदारांना वाटलं आपणही वाकायला हवं, म्हणून ते वाकले, आणि कोटाच्या आतली मेडलाची पिन पोटात घुसून "अगाई गं" म्हणाले.

"हे काय चाललंय?" सुभेदार पुटपुटले. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि पटांगण हादरेल असा आवाज दिला, "साऽवधान!"

पोरं ताठ झाली. सैनिक ताठ झाले. आणि ओकुदांच्या टाचा खाडकन जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली. त्यांना तो शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आवाजाची जात मात्र ठाऊक होती.

पटांगणात सगळ्यांनी ते पाहिलं. सुभेदार हळूहळू चालत त्यांच्यापाशी गेले. आधी बुटांच्या टाचा बघितल्या, मग खांदे, मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, ह्यो कागदावरचा मानूस व्हय?"

मी खिशातल्या पत्रावर हात ठेवला.

"हजेरी झाल्यावर बघतो तुमच्याकडं," ते म्हणाले, आणि वही उघडली. हजेरीची वही उघडली की मध्ये दुसरं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या नियमाने मला दहा मिनिटं दिली.

हजेरी सुरू झाली. एकेक गडी पुढे येऊन 'हजर' म्हणे आणि त्याचा कोट आतून किणकिणे.

"हे काय आहे?" ओकुदांनी मला हळूच विचारलं. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं होतं, त्यामुळे आम्हांला एकमेकांचं छान कळायचं.

"ते आपली ओळख करून देत आहेत," मी सांगितलं.

"आणि आवाज कसला?"

"बटणांचा."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात सुभेदारांनी पुकारलं, "शिपाई गनपत बर्गे. बर्मा."

"हजर," म्हणत हौसा पुढे आली. कोपरावर टिंक्चरचा कालचाच पिवळा डाग होता.

ओकुदा तिच्याकडे बघत राहिले. "ही मुलगी शिपाई आहे?"

आणखी एक थाप मला सुचली होती. पण हौसाचं कोपर माझ्यासमोर होतं. ज्या खेळापायी मी हा सगळा घाट घातला, त्यातल्या पोरांसारखी मोडकी काडी मी स्वतःच पुढे धरत होतो. एका बाजूला एक सांगायचं, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि मध्ये लपून बसायचं.

"गणपत तिचा काका," मी म्हणालो. "इंफाळजवळ गेला. जे परत आले नाहीत, त्यांच्यासाठी घरचं माणूस हजर म्हणतं. तो आवाज मेडलांचा आहे. तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून कोटाच्या आत लावली आहेत."

ओकुदा माझ्याकडे वळले. "माझ्या पत्राचा शेवट तुम्ही यांना वाचून दाखवला?"

"नाही."

"आता सांगा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी बाहेर थांबतो."

त्यांनी टोपी उचलली, सुभेदारांना वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांदेखत वेशीबाहेर जाऊन उभे राहिले. पाठ गावाकडे करून नाही, तोंड गावाकडे करून.

सुभेदारांनी बोट घालून वही मिटली. आयुष्यात मी बरीच भाषणं केली, पण त्या दिवशीच्या दोन-चार वाक्यांइतकं जड काहीच नव्हतं. मी खिशातून पत्र काढलं आणि शेवट वाचला, मराठीतून, चाळीस पोरांसमोर. "हे मी तुमच्यापासून लपवलं," मी म्हणालो. "त्यांनी विचारलं होतं. मी विचारलं नाही."

पहिलीतल्या पोराने विचारलं, "गुर्जी खोटं बोलले?" त्याच्या बहिणीने त्याला चिमटा काढला.

सुभेदार वेशीकडे चालू लागले. मी मागे. माझ्या मागे फाळके, आणि थांबा म्हणून सांगूनही हौसा.

वेशीच्या अलीकडे सुभेदार थांबले. पलीकडे ओकुदा. मध्ये दगडी उंबरा.

"विचारा, कुठं हुता?"

मी विचारलं. सांगितलं. ओकुदांच्या तोंडून नदीचं नाव निघालं, दोन टेकड्यांची निघाली. टेकडी तीच नव्हती, शेजारची होती.

"पाऊस लई हुता," सुभेदार म्हणाले.

"हो. आणि जळवा," ओकुदा म्हणाले. मी मराठीत सांगण्याआधीच त्यांनी पोटरीला चिमट्याने काहीतरी ओढून काढल्याचा अभिनय केला.

"जळवा!" फाळके मागून म्हणाले. "आगं आई. माज्या तर अशा ठिकानी..."

"फाळके, पोरगी हाय," सुभेदार म्हणाले. मग ओकुदांकडे बघत, "खायला काय हुतं तुमाला?"

"शेवटी शेवटी गवत."

"आमाला डबं पडायचं, विमानातनं. येक डबा वाऱ्यानं तुमच्या अंगाला गेला. मुरंब्याचा. गनपत त्या डब्यापायी दोन दिस हळहळला."

मी सांगितलं. ओकुदांनी चष्मा काढून पुसला. "एक डबा आम्हांला सापडला होता. गोड होतं काहीतरी. अकरा जणांनी बोटांनी चाटलं."

"अकरा जनांनी," सुभेदार म्हणाले. "आमचाच आसंल नसंल. कुनाच्या तरी पोटात गेला म्हनायचं." मग त्यांनी विचारलं, "कुनाला ठिवून आलास तिथं?"

त्या 'आलास'चं भाषांतर मला करता आलं नाही. इंग्रजीत तशी सोय नाही. पण सुभेदार परक्याला अरे-तुरे करत नसत, हे मला माहीत होतं.

"थोरला भाऊ," ओकुदा म्हणाले. "शिगेरू."

सुभेदारांनी उंबऱ्याकडे पाहिलं. मग फाळक्यांना म्हणाले, "हवालदार, मी काय म्हनलो हुतो? बंदूक धरलेला जपानी आत येनार न्हाई."

"व्हय, तात्या. साऱ्या गावानं ऐकलंय."

"ह्येच्या हातात काय हाय?"

फाळक्यांनी वाकून नीट पाहिलं. "टोपी."

"मग आत घ्या की. पाव्हन्याला भायेर उभा करत्यात व्हय?"

पटांगणात परत आल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "मास्तर, नाव लिवा. आन् ह्या खेपेला काय गाळू नगा."

मी लिहिलं. बासष्टावं नाव. अक्षर वाकडं आलं. ती वही मी नंतर अनेकदा पाहिली, माझं इतकं वाईट अक्षर दुसरीकडे कुठेच नाही.

मग सुभेदारांनी हुकूम दिला, "मेडलं भायेर!" पंचवीस-तीस गडी कोटांची बटणं सोडून पिना उपसू लागले. फाळक्यांना सर्वांत जास्त बरं वाटलं.

ओकुदांनी प्रत्येक मेडल जवळ जाऊन बघितलं आणि प्रत्येकासमोर वाकले. मग उरलेली हजेरी संपवून सुभेदारांनी त्यांच्याकडून भावाचं नाव दोनदा म्हणवून घेतलं, ओठांतल्या ओठांत घोळवलं, आणि गणपतचं नाव पुकारतात त्याच आवाजात पुकारलं, "शिपाई ओकुदा शिगेरू. बर्मा."

ओकुदा गोंधळून माझ्याकडे बघू लागले. हौसाने त्यांची बाही ओढली. "हजर म्हना," ती म्हणाली. "येक पाऊल म्होरं यायचं आन् हजर म्हनायचं. मी दर वर्साला म्हनते. आवघड न्हाई."

त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. "हजर."

दुपारी पुरणपोळ्या झाल्या. फाळक्यांनी आग्रह करकरून पाहुण्याला पाच वाढल्या. गाठोड्यातून जपानी पोरांची चित्रं निघाली, त्यांत एका मुलाने बैल काढला होता. आमच्या पोरांनी त्याची शिंगं चुकल्याचं लगेच सांगितलं. जेवणानंतर ओकुदांनी जुन्या वह्यांच्या कागदांचे बेडूक करून दिले. मागच्या टोकावर बोट दाबलं की ते टुणकन उडी मारायचे. चाळीस पोरांना चाळीस बेडूक करता करता संध्याकाळ झाली. शेवटचा बेडूक सुभेदारांनी मागून घेतला, 'घरी दाखवायला' म्हणून.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाभळींकडून भांडण ऐकू आलं. मी धावलो.

"आज मी जपानी," एक पोर म्हणत होतं.

"तू कशापायी? मी."

"काडी ओढायची न्हाई. मी पयला बोललोय."

तेरा पोरं होती आणि तेराही जपानी. मराठा व्हायला कुणी तयार होईना. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, कुणी कुणाला मारावं हे कळेना. मग कुणीतरी विटी-दांडू आणला.

पुढच्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी सुभेदार शाळेत आले. ओकुदांची बदली दुसऱ्या देशात झाली होती. त्यांचं पत्र येई, पण ते येणं शक्य नव्हतं.

"मास्तर, त्या शिगेरूच्या नावाला हजर कोन म्हननार? त्येच्या घरचं हितं कोन न्हाई."

मी उत्तर देण्याआधीच वर्गात तेरा हात वर झाले होते. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "काड्या वढा," ते म्हणाले. "आखूड निघंल त्येनं म्हनायचं."

मी काड्या मुठीत धरल्या. हौसाने पहिली ओढली आणि मूठ मिटून पाठीमागे नेली. बाकीच्यांनी ओढल्या. शेवटी बघितलं, तर आखूड काड्या दोन निघाल्या, एक बाळू फाळकेची आणि एक हौसाची. दोन्ही शेजारी धरून मोजल्या. हौसाची बोटभर आखूड होती.

"हिनं मोडली," बाळू म्हणाला. "गुर्जी, हिनं मोडली. हिचा काका हाय की हिला हजर म्हनायला. हिला दोन-दोन कशापायी?"

"म्हननार मी," हौसा म्हणाली. "दोनीबी म्हननार."

तिच्या पायापाशी बोटभर लांबीचा काडीचा तुकडा पडला होता. मी जरा पुढे सरकलो, त्यावर पाय ठेवला आणि म्हणालो, "काडी म्हणजे काडी. हौसा जपानी."